गेले होते म्हणजे हॅड गॉन नव्हे

मागच्या आठवड्यात एका गेस्टना मेसेज टाकला, "डॉल्फिन्स हॅड कम निअर द बीच यस्टर्डे मॉर्निंग." काल सकाळी डॉल्फिन आले होते एवढंच सांगायचं होतं. त्यांचा रिप्लाय आला, "अँड देन व्हॉट हॅपन्ड?" आता नंतर काय होणार, आले नि गेले! पण तो प्रश्न डोक्यातून जाईना, कारण मालवणात होमस्टे चालवायचा म्हणजे रोज इंग्लिश लिहावं लागतं, आणि हे हॅड मी सगळीकडे वापरत आलेय.

मग रात्री जरा बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की इथे मराठी आणि इंग्लिश अगदी उलट चालतात. मी शेजारणीला म्हटलं, "काल कुडाळला गेले," तर ती लगेच विचारणार, बरं मग? आणि "काल कुडाळला गेले होते" म्हटलं की विषय संपला, जाऊन परत आले, काम झालं. इंग्लिशमध्ये मात्र "आय वेंट टु कुडाळ यस्टर्डे" हेच पूर्ण वाक्य आहे, आणि "आय हॅड गॉन" म्हटलं की ऐकणारा पुढच्या गोष्टीची वाट बघत राहतो, कारण हॅडला भूतकाळातली दुसरी एखादी घटना लागते, जिच्या आधी हे सगळं होऊन गेलं. आपल्या 'होते'ला अशी सोबत लागत नाही. शाळेत आम्हाला बारा काळांचा तक्ता पाठ होता पण हे कुणी कधी सांगितलं नाही, आणि मला वाटतं सगळ्यात आधी हेच शिकवायला हवं.

त्यातच भाचा वही घेऊन आला, दहावीला आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या सहलीवर निबंध लिहायचा होता. पहिलंच वाक्य "शिवाजी महाराज हॅज बिल्ट धिस फोर्ट इन 1664". मराठीत "महाराजांनी हा किल्ला बांधलाय" म्हणतोच ना आपण, त्याचंच त्याने हॅज केलं. पण एकदा गोष्ट नेमकी कधी घडली ते, म्हणजे साल, तारीख, काल, गेल्या वर्षी असं काही वाक्यात आलं की इंग्लिशला हॅज-हॅव चालत नाही. बांधकाम 1664 ला स्टार्टेड, 1667 ला फिनिश्ड, बास. मराठीत "मासेमारी 1 जूनला बंद झालीय" बिनधास्त चालतं, इंग्लिशमध्ये तारीख घातली तर स्टॉप्ड आणि तारीख काढली तर हॅज स्टॉप्ड.

पुढे त्याने लिहिलेलं, "देअर वेअर थ्री वेल्स इन द फोर्ट". सहल होऊन गेली म्हणून सगळंच भूतकाळात. पण दूधबाव, दहीबाव, साखरबाव अजून आहेत रे, चारी बाजूंनी समुद्र असूनही पाणी गोडं आहे, तू वेअर लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटेल बुजवल्या की काय. तुम्ही बघितल्या ते सॉ, विहिरी आहेत ते आर. एकाच परिच्छेदात दोन काळ आले तरी काही बिघडत नाही, उगाच ओढूनताणून एकच काळ करायचा नाही.

माझ्या स्वतःच्या माहितीपत्रकातही एक सापडलं, "वी आर रनिंग धिस होमस्टे सिन्स एट इयर्स". आठ वर्षं चालवतोय, म्हणून आर रनिंग. तिथे हॅव बीन रनिंग आणि फॉर हवं, ते बदललं.

पण मला सगळ्यात आवडलेली गंमत वेगळीच. "कुडाळला उतरलात की फोन करा" असं आपण म्हणतो. माणूस अजून मुंबईत बॅग भरतोय आणि आपण 'उतरलात' म्हणतो, रूप भूतकाळाचं! हाक मारली की घरातनं "इलंय गो" म्हणतो तसंच, अजून उंबऱ्यापाशी पण नसतो. इंग्लिशमध्ये तिथे "व्हेन यू गेट ऑफ अॅट कुडाळ, कॉल मी", म्हणजे वर्तमानकाळ. मी इतकी वर्षं "व्हेन यू विल गेट ऑफ" लिहायचे, कारण गोष्ट पुढची आहे. दोन्ही भाषांना तिथे भविष्यकाळ नकोय, फक्त प्रत्येकीने आपापलं रूप निवडलंय.

हे सगळं ऐकून भाच्याने विचारलं, "आत्ये, मगे ह्या हॅड खंय वापरूचा?" मी म्हटलं, सहलीत काय काय झालं ते सांग. तर म्हणाला, किल्ल्यावरून परत निघालो, आम्ही चार पोरं मागे राहिलो, धक्क्यावर पोचलो तोवर आमची होडी सुटली होती. हां, हेच! आधी होडी सुटली, मग तुम्ही पोचलात. त्याने तिथेच वहीत लिहिलं, "व्हेन वी रीच्ड द जेट्टी, अवर बोट हॅड लेफ्ट."