पाच किलोमीटरच्या आत

2 ऑगस्ट 2020 ला ऑस्ट्रेलियात आमच्या मेलबर्नमध्ये कोरोनामुळे चौथ्या टप्प्याचे, म्हणजे सगळ्यांत कडक, निर्बंध लागू झाले. रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी. दिवसा बाहेर पडायला चारच कारणं चालत: सामान आणणं, कुणाची देखभाल, व्यायाम आणि घरून होणं शक्य नाही असं काम. फिरायला एक तास, तोही घरापासून पाच किलोमीटरच्या आत. दुकानात घरातलं एकच माणूस, दिवसातून एकदा. संचारबंदी मोडली तर 1652 डॉलर दंड.

भारतातून फोन आला की नातेवाईक पंतप्रधानांबद्दल विचारायचे. पण इथे असे हुकूम राज्य सरकार काढतं. मेलबर्न ज्या राज्यात येतं त्या व्हिक्टोरियाचे तेव्हाचे प्रीमियर, आपल्याकडच्या हिशेबाने मुख्यमंत्री, डॅनियल अँड्र्यूज रोज पत्रकारांसमोर येऊन आकडे सांगत. ऑगस्टच्या सुरुवातीला दिवसाला सातशेच्या आसपास रुग्ण सापडत होते. दगावणाऱ्यांत बहुतेक वृद्धाश्रमांतले आजी-आजोबा होते आणि लस अजून कुठेच नव्हती. 26 ऑक्टोबरला नव्या रुग्णांचा आकडा शून्यावर आला. म्हणून निर्बंध जाचक होते तरी ते गरजेचे होते, असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं.

पण घरात बसायचं तर घरात दाणापाणी हवं, भाडं भरायला पैसे हवेत. हॉटेलांत आणि दुकानांत काम करून शिकणाऱ्या परदेशी मुलांचं काम पहिल्याच झटक्यात गेलं होतं. केंद्र सरकारच्या पगार-मदतीत तात्पुरत्या व्हिसावाल्यांना जागा नव्हती. व्हिक्टोरियाने या विद्यार्थ्यांसाठी 1100 डॉलरपर्यंत मदत जाहीर केली खरी, पण एका खोलीचं भाडं त्यात किती दिवस निघणार? या मुलांच्या दारात सिख व्हॉलंटियर्स ऑस्ट्रेलियाच्या गाड्या गरम जेवण घेऊन पोचल्या. आमच्या पश्चिमेकडच्या उपनगरांतल्या मराठी घरांतूनही डबे जात होते. मुलांकडे म्हणून आलेले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकलेले आईवडील इथे पुष्कळ होते. त्यांची रक्तदाबाची, मधुमेहाची औषधं संपत आली की व्हॉट्सअॅपवर निरोप फिरायचा. ज्याचं घर पाच किलोमीटरच्या आत, तो फार्मसीत जायचा. त्या वर्षीचा गणपतीही प्रत्येकाने घरच्या घरी, पडद्यासमोर आरती म्हणत केला.

सगळ्यांना नियम सारखे नव्हते, हे मात्र तुम्हाला सांगायलाच हवं. 4 जुलैच्या दुपारी फ्लेमिंग्टन आणि नॉर्थ मेलबर्नमधले सरकारी घरांचे नऊ उंच टॉवर बंद केल्याचं, म्हणजे आतल्या कुणीही बाहेर पडायचं नाही असं, जाहीर झालं, तेही त्या क्षणापासून. सुमारे तीन हजार माणसं, त्यांत बरीच निर्वासित आणि स्थलांतरित. खाली पोलिसांचा वेढा. दूध, औषध घ्यायला खाली उतरण्याइतकीही सवड कुणाला मिळाली नाही. आम्हा बाकीच्यांना तयारीला निदान काही तास मिळाले होते. त्या टॉवरमधल्या लोकांपर्यंत जेवण पोचवायला परिसरातली ऑस्ट्रेलियन मुस्लिम सोशल सर्व्हिसेस एजन्सी उभी राहिली. कुणाच्या घरात काय शिजतं, कुणाला कोणती भाषा समजते, हे तिच्या स्वयंसेवकांना ठाऊक होतं.

डिसेंबरमध्ये राज्याच्या तेव्हाच्या ओम्बुड्समन, म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अधिकारी, डेबोरा ग्लास यांनी अहवाल दिला. इमारती अशा तडकाफडकी बंद करण्याने रहिवाशांच्या मानवी हक्कांचा भंग झाला, असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि सरकारने माफी मागावी अशी शिफारस. सरकारने माफी मागितली नाही. ज्या सरकारच्या शब्दावर आम्ही लाखो लोक इतके महिने घरात थांबलो, त्याने त्या तीन हजार लोकांची माफी मागायला हवी होती.