आधी डोस मोजा, मग पीक वाचा

टॉफ-सिम्सने (आयनांचा मारा करून उडालेले तुकडे वस्तुमानावरून ओळखणाऱ्या तंत्राने) पॉलिमरचा पृष्ठभाग तपासताना सगळ्यात जास्त घोटाळा डोसमध्ये, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पडणाऱ्या आयनांच्या संख्येत होतो. बिस्मथचे आयन आदळले की वरच्या एक-दोन नॅनोमीटरमधले तुकडे उडतात. त्यांतले विद्युतभार असलेले तेवढेच डिटेक्टरपर्यंत पोचतात. तुकड्यांवरून मूळ साखळी ओळखायची, तर प्रत्येक आयन न दुखावलेल्या जागीच पडायला हवा. म्हणून दर चौरस सेंटिमीटरला एक लाख कोटी आयनांच्या आत राहायचं. तेवढ्या जागेत वरच्या थरात साधारण हजार लाख कोटी अणू असतात, म्हणजे थेट मार हजारात एकालाच.

हिशेब करूनच बघा. करंट ०.३ पिकोअँपिअर, आयन एकेरी भाराचे, तर सेकंदाला सुमारे १९ लाख आयन. १०० सेकंदांत १९ कोटी. चौकट २०० बाय २०० मायक्रॉनची असेल तर डोस ४७ हजार कोटी. चालेल. पण बाकी सगळं तसंच ठेवून चौकट ५० बाय ५० केली की डोस सोळापट, साडेसात लाख कोटी! पीएमएमएमध्ये (ॲक्रिलिक प्लॅस्टिकमध्ये) मग साखळीच्या बाजूचे एस्टर गट आधी गळतात, ५९ आणि ६९ची पीक (त्या वस्तुमानाच्या तुकड्यांचे आलेखावरचे उंचवटे) खाली बसतात. पहिले दहा आणि शेवटचे दहा स्कॅन वेगळे काढून ५९ ताडून बघा. उतरलेलं दिसलं तर मोजमाप रद्द करा आणि नवीन जागा घ्या. फ्लड गन नमुन्यावर साठलेला भार घालवायला इलेक्ट्रॉन सोडते, पण तेही साखळी मोडतात, त्यामुळे जागा शोधताना ती बंदच ठेवलेली बरी.

६९वर तर नुसत्या पूर्णांकाने काहीच ठरत नाही. टेफ्लॉनचा सीएफ३ ६८.९९५ला येतो, पीएमएमएचा तुकडा ६९.०३४ला आणि साधा हायड्रोकार्बन ६९.०७०ला. शेजारशेजारची दोन वेगळी दिसायला रिझोल्यूशन (वस्तुमान भागिले ओळखता येणारा फरक) किमान दोन हजार हवं, आणि नमुना खडबडीत असेल तर तेवढंही मिळत नाही. शक्य असेल तेव्हा सिलिकॉन वेफरवर पातळ फिल्म स्पिन करून (वेफर गरगर फिरवून द्रावण पसरवून) घ्यावी. चार्जिंगही (नमुन्यावर भार साठणं) कमी होतं.

आणि स्पेक्ट्रम उघडल्याबरोबर ७३ आणि १४७ची पीक बघा. दोन्ही ठळक असतील तर वर सिलिकोन तेलाचा थर बसलाय आणि तुम्ही तोच वाचताय. तो हातमोजे, हँडक्रीम, ग्रीस, पिशवी, कुठूनही येतो आणि एका कोपऱ्यातून सगळीकडे पसरतो. सॉल्व्हंटने पुसायला जाऊ नका, आतले ॲडिटिव्ह वर येतात. नवा तुकडा स्वच्छ ब्लेडने कापा, चिमट्याने फक्त कडेला धरा आणि काचेच्या पेट्री डिशमध्ये ठेवा. झिप-लॉक पिशवीत अजिबात नको.