निपाणी ते कणकुंबी: जुन्या क्लासिक ३५०ची रस्त्यावरची परीक्षा

जुनी मोटरसायकल घेण्याआधी बघायची तर इंजिन गार असताना, म्हणून निपाणीला सकाळी सातच्या आत पोचलो. आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, असं मालकाला आदल्या दिवशीच बजावलं होतं. तरी नमस्कार-चमत्काराआधी हात सिलिंडरवर ठेवला. गार लागला. गरम लागला असता तर स्टार्टिंगची काहीतरी भानगड झाकलीय असंच धरलं असतं.

गाडी रॉयल एन्फिल्ड क्लासिक ३५०, २०१५ची, केए-२३ म्हणजे चिकोडी पासिंग. ३४६ सीसी, कार्बोरेटर, पाच गिअर, पुढे डिस्क, मागे ड्रम. २०२०ला इंजेक्शन आलं आणि २०२१ला सगळं इंजिनच नवं, ३४९ सीसीचं. नवं इंजिन कमी थरथरतं, यात वाद नाही. पण कमी पैशात घ्यायची आणि खानापूरकडच्या गावात वापरायची, तर कार्बोरेटरवाली बरी. ती कुठलाही मेस्त्री खोलू शकतो.

"पाव्हणं, कंडिशन एक नंबर हाय," मालक म्हणाले. सगळेच म्हणतात.

या मॉडेलची दुखरी नस म्हणजे स्प्राग क्लच, सेल्फच्या मोटरचा जोर इंजिनाला देणारा एकेरी क्लच. बॅटरी मलूल असताना सेल्फ दाबत राहिलं की इंजिन उलटा झटका देतं आणि स्प्राग खलास होतो. मग सेल्फ दाबला की खर्रर्र आवाज येतो, मोटर फिरते, इंजिन जागचं हलत नाही. काम खर्चिक, कारण डावीकडचं कव्हर उतरवून क्लचपर्यंत जावं लागतं. म्हणून आधी बॅटरीला मीटर लावला. गाडी बंद असताना १२.५ व्होल्टच्या आसपास हवेत, चालू करून जरा रेस दिली की १४च्या आसपास. १३च्या वर चढतच नसेल तर बॅटरी चार्ज करणारा रेक्टिफायर किंवा कॉइल बघावी लागते. विकत घेतल्यावरही सकाळचा पहिला स्टार्ट किकनेच मारायची सवय ठेवावी.

व्हॉल्व्ह हलवणारे टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे आहेत, त्यामुळे सुरुवातीची काही सेकंद टिकटिक चालते. गरम झाल्यावरही चालूच राहिली तर ऑइल कमी असेल, नाहीतर टॅपेटच थकले असतील. उजव्या बाजूला ऑइलची काच आहे. गाडी डबल स्टँडवर घेऊनच ती बघायची, साइड स्टँडवर ती खोटं सांगते. ऑइल १५डब्ल्यू-५० ग्रेडचं.

निपाणी सोडली की लगेच तवंदी घाटाचा चढ लागतो. क्लच प्लेटा तपासायला याहून चांगली जागा या पट्ट्यात नाही. चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगात अॅक्सिलरेटर पूर्ण पिळायचा. आवाज चढला आणि वेग तिथंच राहिला तर प्लेटा गेल्या. पण आधी लिव्हरला २-३ मिमी ढील आहे ना, ते बघावं. केबल ताणून बसवलेली असली तर चांगला क्लचही घसरतो आणि प्लेटांचा खर्च उगाच अंगावर येतो. चढावर मागे बसणाऱ्याने धुराकडे लक्ष ठेवायचं. रेस देताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टन रिंगा गेल्या. काळा असेल तर फक्त पेट्रोल जास्त जातंय, ते कार्बोरेटर साफ करून सुटतं.

संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी हा हायवे कंटाळवाणा, पण ८०-९०च्या वेगात गाडी किती थरथरते ते इथंच कळतं. या इंजिनाचा पिस्टन ९० मिमीचा लांब फेरा मारतो, थरथर त्याच्या रक्तातच आहे. शंभरच्या वर हाकणाऱ्यांच्या गाडीचे सायलेन्सर, नंबरप्लेट आणि मडगार्डचे बोल्ट ढिले सापडतात. हँडल हलकं सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर चाकांचं अलाइनमेंट, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे बुश, आणि अपघाताची शंका, याच क्रमाने.

वंटमुरीची वळणं उतरून काकतीला, राणी चन्नम्माच्या माहेरगावी, चहाला थांबलो. चेन तिथंच बघितली. खालच्या बाजूला २५ ते ३० मिमी खेळ हवा, तोही चाक फिरवत चार ठिकाणी मोजून. एका जागी ताठ, दुसरीकडे सैल असेल तर चेन संपली. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटाने ओढल्यावर अर्धा दात उघडा पडला तरी तेच. एकटी चेन बदलू नये, पूर्ण किट घ्यावं. टायरवरचे चार आकडे वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर ओल्या रस्त्यावर भरवशाचा नाही.

पिरनवाडीहून जांबोटीकडे वळलं की लाल माती, खड्डे आणि दाट झाडी. कोन सेटची, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगची, परीक्षा खड्ड्यांत होते. पुढचा ब्रेक दाबताना हँडलखाली 'टक' वाजलं तर तो सैल. डबल स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवलं आणि मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट बदलावाच लागतो, आवळून भागत नाही. तारांच्या चाकात ट्यूब असते, त्यामुळे पंक्चरला चाक उतरवणं आलं. जांबोटीच्या पुढे दुकानं विरळ, तेव्हा पुढची ९०/९०-१९ आणि मागची ११०/९०-१८ अशा दोन्ही ट्यूब सोबत हव्यात.

कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पाऊस म्हणाल तर अफाट. भाद्रपदातही भुरभुर चालूच होती. पावसात गाडी ठेचकाळू लागली तर आधी प्लगची टोपी, मग कार्बोरेटरच्या वाटीतलं पाणी. या भागात वापरलेल्या गाडीची टाकी गंजासाठी आतून टॉर्चने बघावी, मडगार्ड खालून, आणि इंजिनातून निघणाऱ्या बेंड पाइपचा जोडही. पुढे गोव्याकडच्या चोर्ला घाटाचा उतार तिसऱ्या गिअरवर उतरावा, मागचा ड्रम तापला की पकड सोडतो. तळाशी पुन्हा रेस देताच निळ्या धुराचा एकच झोत आला तर व्हॉल्व्ह सील गेलं.

आता कागद. केए-२३ची गाडी खानापूरला आणायला एनओसी, म्हणजे आरटीओचं ना-हरकत पत्र, लागत नाही, राज्य एकच. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर त्याचा बोजा उतरवायला बँकेचा फॉर्म ३५. पण निपाणीत एमएच-०९च्या, म्हणजे कोल्हापूर पासिंगच्या गाड्याही स्वस्तात मिळतात, आणि तिथंच माणूस फसतो. तिला कोल्हापूरची फॉर्म २८ एनओसी हवी, नवा नंबर घ्यावा लागतो आणि कर्नाटकचा टॅक्स वयानुसार वेगळा भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा परतावा वेगळा अर्ज करून मागायचा. हा सगळा हिशोब भाव करताना मांडावा, नंतर नव्हे. फ्रेमच्या मानेवरचा चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघावा आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विमा दावा न केल्याची सवलत, आपल्याला मिळत नाही.