सुप्याच्या माळावर गवत मोजताना

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आम्ही चौघे पहाटे साडेपाचला पुण्याहून निघालो आणि दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव अशा वाटेने आठच्या सुमारास सुप्याच्या माळावर पोहोचलो. मेंढ्या चरतात त्या आणि चरत नाहीत त्या तुकड्यांवर पावसाळा सरताना किती व कोणते गवत उभे असते, याची तुलना करणे एवढेच काम होते. दोन दिवसांत ते उरकेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात तीन दिवस लागले आणि त्यांतला एक आमच्याच चुकीने गेला.

हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. वर्षाकाठी पाऊस सुमारे 500 मिलिमीटर, मातीचा थर उथळ आणि खाली मुरूम, त्यामुळे अधूनमधून हिवर, बोर, बाभूळ आणि बाकी सारे गवत. सरकारी कागदांवर असे माळ पुष्कळदा ‘पडीक’ म्हणून नोंदले जातात आणि मग तेथे झाडे लावण्याची कोणाला तरी घाई होते. वास्तविक 1973 मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण या गवत-अभ्यासकांनी भारतातील गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार मांडले, त्यांतल्या सेहिमा-डायकँथियम या प्रकारात दख्खनचे हे माळ मोडतात. सेहिमा म्हणजे आपल्याकडचा पवन्या आणि शेडा, डायकँथियम म्हणजे मारवेल. जवळचे मयूरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये जाहीर झाले. त्याचा विस्तार जेमतेम 5.14 चौरस किलोमीटर आहे, आणि चिंकारा किंवा लांडगा त्याच्या हद्दीपाशी थांबत नाही, म्हणून आम्ही अभयारण्याबाहेरची गायराने निवडली.

पद्धत सोपी आहे. दोनशे मीटरची सरळ रेषा आखावयाची, तिच्यावर ठरावीक अंतराने एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकावयाची, आतील जाती लिहावयाच्या, मग गवत जमिनीलगत कापून कागदी पिशवीत भरावयाचे आणि प्रयोगशाळेत वाळवून वजन करावयाचे. ‘न चरलेला’ म्हणून आम्ही ओढ्याच्या वरच्या अंगाचा एक दाट, गर्द हिरवा तुकडा धरला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तेथून कळप नेणारे एक वयस्कर मेंढपाळ थांबले आणि म्हणाले, “हितं तर आमचा वाडा व्हता की, पोरांनो. चार राती मेंढरं बसली हितं, म्हणून तर गवत असं काळंभोर आलंय.” वाडा म्हणजे मेंढपाळ कुटुंबांचा कळपांसह फिरता तळ. खाली वाकून पाहिले, तर गवताच्या बुडाशी पावसात विरघळत आलेल्या लेंड्या होत्या. ज्या जागेला आम्ही मेंढ्यांचा स्पर्श न झालेली समजत होतो, ती त्यांच्याच खतावर पोसली होती. शेतकरी पैसे किंवा धान्य देऊन शेतात मेंढ्या बसवतात हे आम्हाला ठाऊक होते, पण तोच हिशेब माळालाही लागू पडतो हे सुचले नव्हते. सकाळच्या आठही चौकटी रद्द केल्या आणि मग त्या मामांना विचारून, कोणत्या जागी केव्हा तळ पडला याचा कच्चा नकाशा वहीत काढला. पुढे येणाऱ्यांनी हे काम पहिल्या दिवशीच, चौकट टाकण्यापूर्वी करावे.

मेंढपाळांच्या तळाकडे जाताना लांबूनच हाक द्यावी, कारण कुत्री लांडग्याला अडवण्यासाठी पाळलेली असतात आणि संशोधकाला वेगळे ओळखत नाहीत. भेटीची वेळ संध्याकाळची, कळप परतल्यावर. सकाळी दूध, कोकरे आणि निघण्याची गडबड असते. दिवाळीनंतर यांतील अनेक वाडे कोकणाकडे चालू लागतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, त्यामुळे माणसांशी बोलावयाचे असेल तर ऑक्टोबर सोडू नये.

कुसळीबद्दल स्वतंत्र सांगायला हवे. या गवताच्या बियांना पीळ असलेले काळपट कुसळ असते. ओलावा लागला की पीळ सुटतो, सुकला की पुन्हा बसतो आणि या हालचालीने टोकदार बी जमिनीत शिरते. मोज्यात, लोकरीत आणि मेंढीच्या कातडीतही ते तसेच घुसते, म्हणून कुसळी पिकली की जाणते मेंढपाळ कळप शक्यतो दुसरीकडे वळवतात. सुती विजार आणि लोकरी मोजे घालून आलेला आमचा एक सोबती निम्मा वेळ कुसळे उपटत बसला होता. गुळगुळीत कापडाची विजार, पोटऱ्यांवर जाड पट्ट्या आणि घोट्याच्या वर येणारे बूट हवेत.

माणशी चार लिटर पाणी लागते, कारण अकरानंतर सावली मिळत नाही. अभयारण्यात नमुने घ्यावयाचे असतील तर वन विभागाची लेखी परवानगी लागते. गायरानासाठी ग्रामपंचायतीला आधी भेटून पत्र द्यावे. गाडी रुळलेल्या वाटेवरच ठेवावी, कारण माळटिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवरच घरटे करतात. लांडग्याच्या गुहेची चौकशी करू नये, आणि योगायोगाने दिसलीच तर ठिकाण कोणाला कळवू नये.

पिशव्यांवर तारीख आणि चौकटीचा क्रमांक शिसपेन्सिलीने लिहावा. आमच्या पेनाची शाई दवाने फुटली, आणि तिसऱ्या दिवशीच्या दोन पिशव्या कोणत्या चौकटीच्या, यावर परतीच्या वाटेत जेजुरीपर्यंत वाद चालला होता.