काळ्या कागदावरचा उजेड

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थी म्हणून लिहायचं, तर ते चित्रकलेच्या वर्गातल्या आजच्या मुलांच्या कामी यावं.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीत आपल्याकडे एक गोष्ट हातात बसते: उजेड हवा तिथे कागद पांढरा सोडायचा. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरचे चित्रकार शशिकांत धोत्रे नेमकं उलटं करतात. काळा कागद आणि रंगीत पेन्सिली, बस. १९८२चा जन्म, दगडकामावर चालणारं घर, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात जाऊनही परिस्थितीमुळे सुटलेलं शिक्षण. चित्रांत मात्र दैन्य नाही. आपल्याच तंद्रीतल्या गावाकडच्या बायका, त्यांच्या साड्यांच्या चुण्या. लोक ‘अगदी फोटोच’ म्हणतात. ते कौतुक मला अपुरं वाटतं. फोटोत अंधारही टिपलेला असतो. इथे तो काढलेलाच नसतो, सोडलेला असतो.

हे माध्यम करून पाहायचं तर साधा काळा कार्डशीट नको, उन्हाने तो तपकिरी पडतो. २५०-३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचा, जाडसर), किंचित खरबरीत, आम्लमुक्त कागद घ्या. रेखाटन पांढऱ्या पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने. दाबून रेघ मारली की कागदात खाच पडते, पुढचा रंग त्या खाचेत उतरत नाही आणि रेघ शेवटपर्यंत दिसत राहते.

पेन्सिलीचा रंग बराचसा पारदर्शक. लाल थेट काळ्यावर दिला तर मळकट विटकरी दिसतो. म्हणून उजेडाच्या भागात आधी पांढऱ्याचा पातळ थर, त्यावर रंगाचे तीन-चार थर, शेवटी सर्वांत ठळक जागी पुन्हा पांढरा. पांढरी पेन्सिल सगळ्यांत आधी संपते, दोन जास्तच ठेवा. सुरुवातीलाच जोर लावला तर कागदाची खर बुजते आणि वरचा थर नुसता घसरतो. खोडरबराने घासलं की डाग पसरतो. मळून मऊ होणाऱ्या रबराने टिपून उचलावं.

इरकल साडीच्या काठाशी आल्यावर भल्याभल्यांचा धीर सुटतो. प्रत्येक धागा काढायचा नसतोच! चुणीच्या उंचवट्यावर टोकदार पेन्सिलीने चार-पाच धागे, खोलगटात कागद तसाच. फक्त काठ चुणीबरोबर वळला पाहिजे, नाहीतर साडी पुठ्ठ्याची वाटते.

सोलापूरचा एप्रिल-मे तर परीक्षाच. पारा ४०च्या वर गेला की पेन्सिलीतलं मेण मऊ होतं, टोक टिकत नाही, घामट तळव्याचा ठसा काळ्यावर लगेच उमटतो. काम सकाळी उरकावं, हाताखाली बटर पेपर हवाच.

चित्र झाल्यावर काही आठवड्यांनी दाबून रंगवलेल्या भागावर पांढुरकी झाक येते. बुरशी नव्हे, वर आलेलं मेण आहे ते. मऊ सुती कापडाने हलकेच पुसलं की जातं. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा.