ईट्रेक्समध्ये सातारा बसवताना

जुना ईट्रेक्स २० (हातात धरायचं जीपीएस यंत्र) एका मित्राकडून घेतला, तेव्हा त्याच्या पडद्यावर सातारा म्हणजे हायवेची एक जाड रेघ आणि बाजूला एक ठिपका होता. यवतेश्वर नाही, कास नाही. डोंगरात फिरायला घेतलेल्या यंत्रात डोंगरच नाही म्हटल्यावर नकाशा विकत घ्यायचं ठरलं.

दुकानात चौकशी केली. भारताचा नकाशा होता, पण तो गाडी चालवणाऱ्यांचा. कुठे वळायचं, पंप कुठे, हॉटेल कुठे. कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, आहेत का, असं विचारल्यावर पलीकडून "ते काय असतं?" असा प्रश्न आला. मग ऑनलाइन एकाकडे 'भारत टोपो' लिहिलेलं मेमरी कार्ड दिसलं. साडेबाराशे रुपये. घेतलं.

कार्ड घातलं, कंटूर आले, दोन दिवस खुशीत गेले. तिसऱ्या दिवशी कासच्या पठाराच्या कडेला उभा राहिलो. पायाखाली सरळ तुटलेला कडा आणि पडद्यावर मात्र गाय चरत उतरेल असा गुळगुळीत उतार. घरी येऊन कार्डातली फाइल उघडून पाहिली. रस्ते ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशाचे आणि उंची २००० सालच्या स्पेस शटलच्या रडार मोजणीची. दोन्ही फुकट मिळतात. ती उंची जमिनीवर साधारण दर ३० मीटरला एकदा मोजलेली असते, त्यामुळे सह्याद्रीचा कडा तिच्यात घासून गोल होतो. विकणाऱ्याने लबाडी केली असं म्हणत नाही, मेहनत त्यानेही घेतलीच असेल. पण साडेबाराशे मी माझ्या आळसाचे मोजले, हे खरं.

कॉलेजात भूगोल शिकवणारे आमचे सर आता निवृत्त आहेत. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कपाटावरून पुठ्ठ्याची नळी काढली, आतली टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा चढउतार दाखवणारा छापील नकाशा, जमिनीवर पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. शीटचा नंबर ४७ जी/१४. प्रमाण पन्नास हजाराला एक, कंटूर वीस मीटरला एक. तपकिरी रेषा काही ठिकाणी इतक्या चिकटलेल्या की नुसता रंगच दिसावा. "हा तुझा कडा," सर बोट ठेवून म्हणाले. सज्जनगडही त्याच शीटवर सापडला. माहुली मात्र काही केल्या सापडेना. ७४ अंशाची रेषा साताऱ्याला लागूनच जाते, तिच्या पलीकडचं सगळं ४७ के/२ वर. ते शीट सरांकडे नव्हतं.

शीट ३०० डीपीआयला स्कॅन करून आणलं. पुढची भानगड तुकड्यांची. माझं यंत्र बाहेरून घातलेल्या नकाशाचे शंभरच तुकडे घेतं आणि एक तुकडा जास्तीत जास्त १०२४ बाय १०२४ पिक्सेलचा. हिशेब केला: आडवे सात, उभे सात, एकोणपन्नास. म्हणजे दोन शीटं कशीबशी मावतील, तिसऱ्याला जागा नाही. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश शीटवर छापलेत तसे टाकले, यंत्राला वाचता येणारी केएमझेड फाइल बनवली, यंत्राच्या कस्टममॅप्स फोल्डरमध्ये ठेवली. शीट दिसलं. मुलांना बोलावून दाखवलंसुद्धा.

रविवारी सज्जनगडावर गेलो. दारात उभा राहून पाहतो तर मी गडावर नाहीच! बाण वायव्येच्या उतारावर, सव्वाशे-दीडशे मीटर लांब. आधी वाटलं उपग्रह नीट सापडले नसतील. पंधरा मिनिटं थांबलो, बाण जागचा हलेना. खाली येऊन सरांना फोन केला. ते हसलेच. "अरे, शीट एव्हरेस्टवर आहे आणि तुझं यंत्र डब्ल्यूजीएस-८४ वर." एव्हरेस्ट म्हणजे इथे शिखर नव्हे; पृथ्वीचा आकार मोजायचे हे दोन वेगळे हिशेब. जुन्या शीटांचा हिशेब मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरपासून सुरू होतो, म्हणून क्यूजीआयएसच्या यादीत तो 'कल्याणपूर १९७५' या नावाने येतो. मी ते नाव यादीत पाहिलं होतं आणि आपल्याला काय करायचंय म्हणून पुढे गेलो होतो. आता कोपरे त्यात टाकले, मग सगळं डब्ल्यूजीएस-८४ मध्ये बदललं आणि एकोणपन्नास तुकडे पुन्हा पाडले. पुढच्या रविवारी बाण दारातच.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या नव्या ओपन सिरीजची शीटं डब्ल्यूजीएस-८४ वरच असतात आणि त्यांतली बरीच २०१७ पासून पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात, हे मला त्यानंतर कळलं. आधी कळलं असतं तर एक रविवार वाचला असता. तरी सरांचं शीट मी यंत्रातून काढलेलं नाही. त्यावरच्या तुटक रेषांच्या पायवाटा विकतच्या कार्डात नाहीत, आणि त्यांतल्या दोन अजून वापरात आहेत, हे मी चालून पाहिलंय.

के/२ मात्र अजून राहिलंय. संध्याकाळी फिरत फिरत माहुलीच्या नदीघाटावर गेलो, की वाटेतच सगळे डोंगर संपतात आणि पडद्यावर पुन्हा ती हायवेची जाड रेघ येते.