फाशांऐवजी पत्ते: आमच्या घरची याट्झी

गेल्या हिवाळ्यात आई-बाबा सांगलीहून न्यू जर्सीला आमच्याकडे आले ते माझ्या दुसऱ्या बाळंतपणासाठी. बाळ आले, पाठोपाठ थंडी आली, दुपारी साडेचारलाच दिवस मावळू लागला आणि संध्याकाळचे चार-पाच तास सगळ्यांनी एकाच खोलीत बसून काढायचे, असा घराचा क्रम ठरून गेला. त्या तासांसाठी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने कपाटातला याट्झीचा डबा बाहेर काढला.

हा खेळ अमेरिकेत घरोघरी असतो. पाच फासे, ते खुळखुळवायला एक पेला आणि गुण लिहायला छापील कागद, एवढेच साहित्य लागते. कॅनडातील एका जोडप्याने आपल्या नौकेवर मित्रांसोबत खेळण्यासाठी तो तयार केला, पुढे एडविन लो या खेळविक्रेत्याने त्याचे हक्क घेतले आणि १९५६ मध्ये तो बाजारात आणला, अशी त्याची जन्मकथा सांगितली जाते. प्रत्येकाला तेरा पाळ्या मिळतात. एका पाळीत फासे तीनदा टाकता येतात. हवे ते बाजूला ठेवायचे आणि उरलेले पुन्हा टाकायचे. शेवटी जे दान हाती येते ते कागदावरच्या तेरा रकान्यांपैकी एकात लिहावेच लागते, आणि एक रकाना एकदाच वापरता येतो. तीन एका आकड्याचे आणि दोन दुसऱ्या आकड्याचे असे फुल हाउस लागले तर २५ गुण, सलग चार आकड्यांच्या रांगेला ३०, सलग पाचांच्या रांगेला ४० आणि पाचही फासे सारखे पडले तर ५०.

बाबांना हा खेळ पहिल्याच संध्याकाळी आवडला. त्यांच्या लहानपणी घरात कापडी सारीपाट होता, त्यामुळे दान हा शब्द त्यांच्या तोंडी सहज येतो. पेला कानाशी नेऊन हलवायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि मग फासे टेबलावर सोडायचे, ही त्यांची पद्धत पाहून मुलगीही तसेच करू लागली. अडचण एकच होती. आमचे जेवणाचे टेबल लाकडी, बाळाचा पाळणा त्याच खोलीत, आणि तीन आठवड्यांचे ते मूल फाशांच्या प्रत्येक खडखडाटाला दचकून उठत असे. टेबलावर टॉवेल अंथरून पाहिला, फासे ताटात टाकून पाहिले. ताटाने तर आवाज वाढलाच.

तेव्हा पत्त्यांचा उपाय आईने सुचवला. घरात पत्त्यांचे दोन कॅट होते. दोन्हींतून एक्क्यापासून छक्कीपर्यंतची पाने वेगळी काढली. प्रत्येक आकड्याची आठ, म्हणजे एकूण ४८ पाने झाली. एक्का म्हणजे एक. बदाम, चौकट, इस्पिक, किलवर यांना काही अर्थ नाही. फासे टाकण्याऐवजी गड्डीवरून पाच पाने उचलायची, नको ती टाकून तितकीच नवी घ्यायची, आणि असे दोनदा करता येईल. गुणांचे कागद डब्यातलेच ठेवले. पहिले दोन दिवस आम्ही प्रत्येक पाळीनंतर सगळी पाने गोळा करून पुन्हा पिसत होतो. खेळ चालत होता, पण निम्मा वेळ पिसण्यातच जाई. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "दर वेळी पिसायचं कशाला? गड्डी संपत येईपर्यंत चालू द्या." मग असे ठरले की पाळी सुरू होताना गड्डीत पंधरापेक्षा कमी पाने उरली असतील तरच सगळी गोळा करून पिसायची, तोपर्यंत वापरलेली पाने उताणी एकावर एक पडत राहतील आणि तो ढीग कोणी उपसून पाहायचा नाही.

या एका बदलाने खेळाचा स्वभावच पालटला, आणि मला लिहायचे आहे ते त्याबद्दलच. फाशाला मागचे काहीच आठवत नाही. आधीच्या चार पाळ्यांत कितीही छक्के पडलेले असोत, पुढच्या वेळी छक्का पडण्याची शक्यता सहात एकच राहते. म्हणूनच या खेळाचा पूर्ण हिशेब संगणकाने करून ठेवलेला आहे. एकट्याने बिनचूक खेळले तर एका डावात सरासरी सुमारे २५४ गुण होतात. पत्त्यांचे तसे नाही. गेलेले पान गेलेले असते, आणि जो ते ध्यानात ठेवतो त्याला पुढे काय उरले आहे हे कळते.

आईने उभे आयुष्य मेंढीकोट खेळण्यात घालवले आहे. कोणती दश्शी उतरली, हुकमाची किती पाने बाहेर पडली, भिडूच्या हातात काय असेल, हे तिला बोटेही न मोजता सांगता येते. फाशांच्या डावांत ती बहुधा तिसरी किंवा चौथी येत असे आणि तिचा उत्साहही बेताचाच असे. गड्डी न पिसण्याचा नियम झाल्यापासून ती जवळजवळ रोज जिंकू लागली.

त्यातली एक पाळी मला अजून जशीच्या तशी दिसते. दुसऱ्या उचलीनंतर आईच्या समोर तीन छक्क्या आणि दोन दुर्र्या होत्या, म्हणजे तयार फुल हाउस. माझी मुलगी तिच्या खांद्याशी उभी राहून कुजबुजली, "आजी, दुर्र्या टाक, चौथी छक्की येईल. मोठे गुण मिळतील." फाशांच्या खेळात तिला तीच सवय लागलेली होती. आईने गड्डीकडे पाहिले आणि म्हणाली, "अगं, माझ्या तीन आणि त्या ढिगातल्या तीन, सहा छक्क्या गेल्या. उरल्या दोनच, आणि पानं आहेत वीस. कशाला मोडायचं?" तिने २५ लिहिले आणि पाने खाली ठेवली.

रात्री बाळाला झोपवल्यावर मी तो हिशेब कागदावर मांडला. दोन फासे टाकून निदान एक तरी छक्का पडण्याची शक्यता ३६ पैकी ११, म्हणजे सुमारे ३१ टक्के असते, आणि ती कधीही बदलत नाही. आईच्या त्या स्थितीत, वीस पानांत दोन छक्क्या असताना, दोन पाने उचलून एक तरी मिळण्याची शक्यता अवघी १९ टक्के होती. ढिगात एकही छक्की गेलेली नसती तर वीस पानांत पाच उरल्या असत्या आणि हीच शक्यता ४५ टक्के झाली असती. टेबलावरची पाने दोन्ही वेळा हुबेहूब तीच, आणि तरी एकदा मोडण्यात शहाणपण, तर एकदा ठेवण्यात. मला हे कागद-पेन्सिल घेऊन कळले. आईने ते बसल्या जागी जाणले होते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट लक्षात आली. पाच फासे एकदाच टाकून पाचही सारखे पडण्याची शक्यता १२९६ मध्ये एक आहे; आमच्या ४८ पानांतून पहिली पाचही सारखी येण्याची शक्यता सुमारे ५०९६ मध्ये एक होते, कारण एक छक्की उचलली की गड्डीतल्या छक्क्या कमी होतात. सलग पाचांची रांग मात्र पत्त्यांत थोडी अधिक वेळा लागते. तेव्हा पाच सारख्यांना ५० गुण अपुरे पडतात, असे मी दुसऱ्या दिवशी सर्वांपुढे मांडले. नवऱ्याचे म्हणणे चौपट, म्हणजे २०० द्यावेत. मुलीला ते अन्यायाचे वाटले, कारण मग एकाच पाळीत सगळा डाव निकालात निघतो. तिचे म्हणणे मलाही पटले; शिवाय दोनदा पाने बदलता येत असल्याने नुसत्या पहिल्या उचलीवरून गुण ठरवणे बरोबर नव्हते. अखेर ८० ठरले.

बाबा मात्र पत्त्यांत पूर्वीसारखे रमले नाहीत, आणि त्यांची बाजू मला कळते. पान उचलणे ही एकट्याची गोष्ट आहे. फासे पेल्यातून सुटतात तेव्हा टेबलाभोवतीचे सगळे एकाच वेळी श्वास रोखून पाहतात, शेवटचा फासा काठाशी गिरकी घेत राहतो आणि तेवढ्या अर्ध्या क्षणात कोण जिंकणार हे कोणालाच ठाऊक नसते. तो आनंद पत्त्यांनी दिला नाही. बाबांना गेलेली पाने मोजायची नव्हती. त्यांना दान हवे होते. ते रोज खेळले, तेही नातीने हाताला धरून बसवले म्हणून, आणि बहुधा चौथे आले. संपूर्ण मुक्कामात त्यांना पाच सारखी पाने एकदाही लागली नाहीत. आईला दोनदा लागली, तेव्हा "अहो, मोजत चला की जरा," असे तिने त्यांना समजावूनही पाहिले.

मार्चअखेर दोघे परत गेले. निघताना मुलीने ती ४८ पाने रबर लावून आजीच्या पर्समध्ये ठेवली, गुणांचे कोरे कागदही दिले. आमच्याकडे सत्तीपासून राजापर्यंतची ५६ पाने उरली आहेत. बाळ आता आवाजाने उठत नाही, त्यामुळे आमच्या टेबलावर पुन्हा फासे आले आहेत, आणि मुलगी पेला कानाशी नेऊन आजोबांसारखे डोळे मिटते.

मागच्या रविवारी आईचा फोन आला. सांगलीत दुपारी ऊन फार असते म्हणून दोघे घरातच बसून खेळतात. शनिवारी बाबांच्या हातात चार पंज्या होत्या आणि शेवटची उचल बाकी होती. किती पंज्या गेल्या हे त्यांनी मोजले नव्हते. आईने मोजले होते, गड्डीत एकच उरली होती, आणि ती काही बोलली नाही. बाबांनी डोळे मिटून पान उचलले. गुणांच्या कागदाचा फोटो त्यांनी नातीला पाठवला आहे. त्यातला ८० हा आकडा त्यांनी दोनदा गिरवलेला दिसतो.